ना क्लब, ना लायसन्स, तरी जपान त्याचंच ऐकत होता: केइसुके होंडाचं प्रकरण

२३ नोव्हेंबर २०२२, कतारचं खलिफा स्टेडियम, वर्ल्डकपची मॅच, जपान विरुद्ध जर्मनी. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, जपानमध्ये रात्रीचे दहा. ३३व्या मिनिटाला जर्मनीच्या गुंदोआनने पेनल्टीवर गोल मारला, पहिला हाफ जर्मनीने अक्षरशः खेळवला, आणि मग ७५व्या मिनिटाला जपानच्या दोआनने बरोबरी केली, ८३व्याला असानोने अवघड कोनातून जर्मन गोलकीपर न्यॉयरच्या डोक्यावरून बॉल घुसवला, २-१. आता कसंही करून वेळ काढायचा होता. तेवढ्यात इंज्युरी टाइमचा, म्हणजे वाया गेलेला वेळ भरून काढायला शेवटी वाढवलेल्या मिनिटांचा बोर्ड वर गेला आणि त्यावर ७ आकडा. आबेमा नावाच्या जपानी स्ट्रीमिंग ॲपवर एक्स्पर्ट म्हणून माइकसमोर बसलेला माणूस अगदी घरातल्या माणसासारखा दचकून ओरडला, 'सात मिनिटं?!'

तो माणूस केइसुके होंडा. आणि ही आरोळी जपानी सोशल मीडियावर असानोच्या गोलच्या बरोबरीने फिरली.

आता प्रकरण काय ते आधी नीट मांडते. होंडा त्यावेळी ३६ वर्षांचा होता. २०१८च्या वर्ल्डकपनंतर राष्ट्रीय संघातून बाहेर पडलेला, २०२१च्या शेवटी लिथुएनियातला सुदुवा क्लब सोडल्यापासून हातात क्लब नाही, कंबोडियाच्या राष्ट्रीय संघाचं काम बघत होता पण कोचिंगचं लायसन्स नाही म्हणून पदाचं नाव जनरल मॅनेजर. म्हणजे करिअरच्या हिशोबाने उतरणीला लागलेला खेळाडू. आणि नेमकं याच काळात तो ऑनलाइन जेवढा लाडका झाला तेवढा एसी मिलानची १० नंबरची जर्सी घालून खेळत असतानाही नव्हता. हे कसं झालं, हा इथला मुद्दा. 'व्हायरल झाला, नशीब' असं म्हणून सोडून देणाऱ्यांशी मला भांडायचंय, कारण यात नशिबाचा भाग फार कमी आहे.

थोडं मागे जाऊ. होंडा ओसाका जिल्ह्यातल्या सेत्सुचा, जन्म १३ जून १९८६. प्राथमिक शाळा संपताना जपानमध्ये मुलं भविष्यावर निबंध लिहितात, त्यात याने लिहिलं होतं की मी इटलीच्या सेरी आ या वरच्या लीगमध्ये जाणार आणि १० नंबर घालून खेळणार. पुढे गांबा ओसाकाच्या ज्युनियर संघातून वरच्या युवा संघात त्याला घेतलंच नाही, मग तो पार इशिकावाच्या सेइर्यो शाळेत गेला, तिथून २००५ला नागोया ग्रामपस, २००८ला हॉलंडमधला व्हेनलो, २०१०ला सीएसकेए मॉस्को आणि जानेवारी २०१४मध्ये खरोखर इटलीतला मिलान, खरोखर १० नंबर. मिलानच्या पहिल्या पत्रकार परिषदेत त्याला विचारलं की हाच क्लब का, तर तो इंग्लिशमध्ये म्हणाला की मी माझ्या मनातल्या छोट्या होंडाला विचारलं तुला कुठे खेळायचंय, तो म्हणाला एसी मिलान. बस, 'छोटा होंडा' तिथून जो सुटला तो आजपर्यंत जपानी इंटरनेटवर फिरतोय, नोकरी बदलणारी माणसं सुद्धा मनातल्या छोट्या स्वतःला विचारून निर्णय घेतल्याचं लिहितात.

पण तेव्हा हे सगळं प्रेमाने चाललं होतं असं नाही हं. त्या काळात होंडाला जपानी माध्यमं 'मोठ्या तोंडाचा' म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं. ४ जून २०१३ला सैतामामध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी मिळाली, याने ती सरळ गोलच्या मधोमध मारली, जपान ब्राझील वर्ल्डकपसाठी पात्र ठरला, देश रस्त्यावर उतरून नाचतोय आणि दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत हा शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांची नावं घेऊन कुणी काय सुधारायला पाहिजे ते सांगतोय! जिथे सीनियर-ज्युनियरची रीत कडक आणि चारचौघात कुणाचं उणं काढायचं नाही, तिथे हे फार टोचलं. वर पुन्हा आम्ही वर्ल्डकप जिंकायला चाललोय अशी भाषा. २०१४ला प्रत्यक्षात काय झालं? आयव्हरी कोस्टविरुद्ध याने सुंदर गोल केला पण मॅच १-२ हरले, ग्रीसशी बरोबरी, कोलंबियाकडून १-४, एक पॉइंट घेऊन घरी. टीकेचा मोठा वाटा याच्याच वाट्याला आला. मी त्यावेळची टीका पूर्ण चुकीची म्हणणार नाही, कारण मोठं बोललं की हिशोब मागितला जाणारच, पण त्यात एक गोष्ट हरवली होती ती म्हणजे हा माणूस कॅमेऱ्यासमोर एक आणि ड्रेसिंगरूममध्ये दुसरा असा नव्हता, जे डोक्यात तेच तोंडात.

इथे होंडाच्या आधीच्या पिढीतल्या हिदेतोशी नाकाता या फुटबॉलपटूची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पत्रकार आपलं बोलणं फिरवतात म्हणून नाकाताने नव्वदच्या दशकाच्या शेवटीच स्वतःची वेबसाइट काढली आणि तिथून थेट चाहत्यांशी बोलायला लागला, २००६ला अवघ्या २९व्या वर्षी निवृत्ती सुद्धा त्याने तिथेच जाहीर केली. म्हणजे जपानी फुटबॉलपटूने मधला माणूस काढून थेट ऑनलाइन बोलायचं ही वाट होंडाची नाही, ती आधीच पडलेली होती. फरक असा की नाकाताने दार लावून घेतलं आणि एक खिडकी ठेवली, होंडाने दार उघडंच टाकलं, कुणीही या, भांडा, हसा. सप्टेंबर २०१९मध्ये क्लब नव्हता तेव्हा त्याने सरळ मँचेस्टर युनायटेडला टॅग करून ट्वीट केलं की मला ऑफर द्या, पैसे नकोत, पण मोठ्या टीमबरोबर खेळायचंय. लोक हसले, पण चिडले नाहीत. सहा वर्षांपूर्वी याच वाक्यावर याला सोलून काढलं असतं.

मग मधल्या काळात बदललं काय? माझं मत असं की दोन गोष्टींनी जमीन मऊ केली, आणि दोन्ही फुटबॉलच्या बाहेरच्या आहेत.

पहिली म्हणजे मिमिक्री. जुनइची डेव्हिडसन नावाच्या विनोदी कलाकाराने २०१५ची आर-१ ग्रांप्री, म्हणजे जपानमधली एकट्याने सादर करायच्या विनोदाची सगळ्यात मोठी स्पर्धा, होंडाची नक्कल करून जिंकली. ते केस, ते गॉगल, प्रत्येक गोष्टीला 'अजून वाढायला जागा आहे' असं गंभीरपणे म्हणणं, आणि होंडाची ती फिरकी न देता मारलेली फ्री किक, जी २०१०ला डेन्मार्कविरुद्ध गोलकीपरला कळलीच नव्हती, तिच्यावरून केलेले विनोद. ज्यांनी आयुष्यात फुटबॉल बघितला नाही त्या आजी-आजोबांना पण होंडा कसा बोलतो ते या नकलेतून कळलं. उद्धट वाटणारा माणूस एकदा हसण्याचा विषय झाला की त्याची भीती जाते, आणि होंडाने नाक मुरडलं नाही हे इथे खूप महत्त्वाचं ठरलं.

दुसरी गोष्ट २०१९ची, पेप्सीची जाहिरात. ट्विटरवर होंडाबरोबर जानकेन खेळायचं, म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री. तुम्ही निवडता, व्हिडिओत होंडा हात पुढे करतो आणि बहुतेक वेळा तुम्ही हरता. हरलात की तो कॅमेऱ्यात डोळे घालून, पूर्ण गांभीर्याने सांगतो की मी जिंकलो, तुम्ही का हरलात ते उद्यापर्यंत विचार करून ठेवा, मग काहीतरी दिसायला लागेल, आणि ओसाकाच्या बोलीत 'चला, घेतो' म्हणून कोला पितो. दगड-कागद-कात्रीत का हरलो याचा विचार काय करणार! पण लोक वेडे झाले. हरण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळायला लागले, ते वाक्य शाळेत, ऑफिसात, गेम खेळताना, सगळीकडे वापरायला लागले, त्याच्या शेकडो नकला निघाल्या. आता नीट बघा, वाक्य तेच आहे, जे २०१३च्या पत्रकार परिषदेत टोचलं होतं. चूक शोध, विचार कर, सुधार. सूर पण तोच. फक्त ऐकणाऱ्याची बाजू बदलली, आधी तो सहकाऱ्यांना सांगत होता आणि लोक लांबून बघत होते, आता तो स्वतः तुम्हाला सांगतोय, आणि स्वतःला सांगितलेलं लोकांना आवडलं.

या तयार जमिनीवर २०२२ आलं. आबेमा ही सायबरएजंट आणि टीव्ही असाही यांची मिळून २०१६ला सुरू झालेली सेवा. कतार वर्ल्डकपच्या ६४च्या ६४ मॅच फुकट दाखवायचं तिने ठरवलं, टीव्हीवर एनएचके, फुजी आणि असाही यांनी मॅच वाटून घेतल्या होत्या, सगळ्या एकाच ठिकाणी फक्त इथे. आपल्याकडे त्याच वर्ल्डकपला जिओसिनेमावर सगळं फुकट होतं, तसंच काहीसं. आबेमाने होंडाला या प्रोजेक्टचा जनरल मॅनेजर केलं आणि जपानच्या मॅचला कॉमेंट्रीला बसवलं. सोबत निवेदक शुन्पेई तेराकावा, आणि मैदानाच्या कडेला रिपोर्टर म्हणून जुना सहकारी तोमोआकी माकिनो.

जपानमध्ये मॅचची कॉमेंट्री साधारण कशी असते, निवेदक वर्णन करतो, शेजारचा माजी खेळाडू विचारलं की बोलतो, सभ्यपणे, कुणाला न दुखावता, 'इथे थोडी घाई झाली असं वाटतं' वगैरे. होंडा विचारायची वाटच बघत नव्हता. कुठली बाजू मोकळी सुटतेय, आता कुणाला उतरवायला पाहिजे, कुणी मागे यायला पाहिजे, हे सगळं घडत असतानाच, ओसाकाच्या बोलीत. मध्येच माकिनोला हाका मारायच्या. जर्मनीचा रुडिगर असानोबरोबर बॉलमागे धावताना गुडघे उंच उंच उचलत पळाला, हा समोरच्याला कमी लेखण्याचा प्रकार आहे असं अर्ध्या जगाला वाटलं, होंडाला तर अजिबात आवडलं नाही आणि त्याने ते लाइव्हवर बोलूनही टाकलं. घरी बसलेला माणूस मनात जे म्हणतोय तेच कानात ऐकू येतंय, फरक एवढाच की हे म्हणणाऱ्याने स्वतः तीन वर्ल्डकपमध्ये गोल केलेत.

आणि मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट वेगळीच आहे. नागातोमो, योशिदा हे त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं खेळलेले, त्यांना तो घरच्यासारखं नावाने बोलवायचा. पण मितोमा, इताकुरा यांच्यासारखी पोरं, ज्यांच्याबरोबर तो कधी खेळला नव्हता, त्यांना तो 'मितोमासान', 'इताकुरासान' म्हणत होता. वयाने दहा-अकरा वर्षांनी लहान! जपानी कॉमेंट्रीत खेळाडूला नावापुढे 'खेळाडू' लावायची रीत आहे, 'सान' कुणी लावत नाही, आणि एवढा सीनियर माणूस ज्युनियरला तर नाहीच नाही. हाच तो होंडा ज्याला उद्धट म्हणत होते. ओळख नाही तर मान द्यायचा, एवढा साधा हिशोब होता त्याचा, पण ऐकणाऱ्यांच्या मनातलं जुनं चित्र एका रात्रीत पुसलं गेलं. जोरात बोलणं म्हणजे अपमान करणं नाही, हे शंभर मुलाखती देऊन त्याला पटवता आलं नसतं, ते दोन तासात पटलं. तो आदर ठरवून केलेला असता तर इंज्युरी टाइमच्या त्या सातव्या मिनिटापर्यंत टिकला नसता असं मला वाटतं, कारण त्या मॅचमध्ये भान ठेवून बोलायला कुणाला सवड होती?

पुढचं भराभर सांगते. कोस्टारिकाकडून ०-१ हरले तेव्हा त्याचा वैताग ऐकू आला, स्पेनची मॅच जपानमध्ये पहाटे चारला होती, दोआन आणि तानाकाचे गोल, त्यात मितोमाने रेषेवरून कसाबसा आत ठेवलेला तो बॉल. लोक अलार्म लावून उठले आणि टीव्हीवर तीच मॅच चालू असताना मुद्दाम आबेमा लावलं. क्रोएशियाच्या मॅचला तर एवढी गर्दी झाली की आबेमाला नवीन येणाऱ्यांना थांबवावं लागलं, त्या एका दिवसात दोन कोटींच्या वर लोकांनी आबेमा उघडलं. मॅच १-१, पेनल्टीत मिनामिनो, मितोमा, योशिदा तिघांचे शॉट क्रोएशियाचा गोलकीपर लिवाकोविचने अडवले आणि जपान बाहेर. पण होंडाने पुढच्या सगळ्या मॅचची कॉमेंट्री करावी म्हणून मागण्या सुरू झाल्या होत्या, आणि त्याच्यापेक्षा मोठी मागणी म्हणजे यालाच जपानचा कोच करा.

इथे प्रकरणाची दुसरी बाजू येते, आणि ती जास्त अवघड आहे.

कारण होंडा कोच होताच. ऑगस्ट २०१८पासून कंबोडिया. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न व्हिक्टरी क्लबकडून खेळता खेळता तो दुसऱ्या देशाचा राष्ट्रीय संघ सांभाळत होता, खेळाडू म्हणून एका देशात, बेंचवर दुसऱ्या देशात. कागदावर हेड कोच दुसरा असायचा कारण लायसन्स नव्हतं. २०१९मध्ये पाकिस्तानला दोन्ही लेगमध्ये, म्हणजे दोन्ही मॅचमध्ये हरवून वर्ल्डकप पात्रतेच्या पुढच्या फेरीत गेले, ही कंबोडियासाठी मोठीच गोष्ट. मग १० ऑक्टोबर २०१९ला तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये इराणकडून १४-० हरले, ही तीच मॅच ज्यात कित्येक दशकांनी इराणी बायकांना तिकीट काढून स्टेडियममध्ये बसता आलं, जगाने ती त्यासाठी लक्षात ठेवली आणि ते योग्यच आहे, पण कंबोडियाच्या पोरांचं त्या रात्री काय झालं असेल. त्याच वर्षाअखेर २२ वर्षांखालचा संघ साउथ ईस्ट एशियन गेम्समध्ये चौथा आला. आणि मे २०२३मध्ये हेच गेम्स पहिल्यांदा कंबोडियात भरले, ज्यासाठी सगळी तयारी चालली होती, त्यात घरच्या मैदानावर गटातच बाहेर. तिथे होंडाचा कार्यकाळ संपला.

म्हणजे डिसेंबर २०२२मध्ये कोट्यवधी लोक ज्याला कोच करा म्हणत होते त्याचा स्वतःचा संघ त्याच महिन्यात आसियान चॅम्पियनशिप खेळत होता, २० डिसेंबरला नॉम पेन्हमध्ये फिलिपिन्सला ३-२ हरवलं, चांगली मॅच, पण त्याला कोच करा म्हणणाऱ्यांपैकी ती कितीजणांनी बघितली असेल? ऑनलाइन प्रेमाचं हे असं असतं, ते त्या माणसाच्या बोलण्यावर असतं, कामापर्यंत पोचतंच असं नाही. मी याचा दोष चाहत्यांना देत नाही. कोचिंगचं काम दिसतच नाही, ते रोज सकाळच्या सरावात असतं, आणि ते कुणी क्लिप करून टाकत नाही.

एका ठिकाणी त्याने ही दरी भरायचा प्रयत्न केला होता, २०२०ला वन टोकियो नावाचा क्लब काढून. सगळ्यात खालच्या लीगपासून सुरुवात आणि ऑनलाइन सभासदांनी मत देऊन क्लबचे निर्णय घ्यायचे. पुढे त्याचं नाव एदो ऑल युनायटेड झालं. मला ही कल्पना अजूनही आवडते, कारण त्यात लोकांना नुसतं टाळ्या वाजवायला न बोलवता कामाला लावलं होतं.

राहिला प्रश्न लायसन्सचा. जपानमध्ये वरच्या लीगला कोच व्हायचं तर सगळ्यात वरचं लायसन्स लागतं, त्याला बरीच वर्षं जातात. होंडाचं म्हणणं, ही पद्धतच चुकीची आहे, मोठ्या स्तरावर खेळलेल्याला अनुभवावर संधी द्या, आणि हे तो उघडपणे, वारंवार सांगत आलाय. दुसरीकडे त्सुनेयासु मियामोतो बघा. २००२ आणि २००६च्या वर्ल्डकपचा कॅप्टन, निवृत्तीनंतर फिफा मास्टर हा क्रीडा व्यवस्थापनाचा कोर्स केला, लायसन्स घेतलं, गांबा ओसाकाचा कोच झाला, काही वर्षांनी काढलाही गेला, आणि २०२४ला ४७व्या वर्षी जपान फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष. त्याचे मीम नाहीत. नियम बदलायचा तर ज्या खुर्चीतून बदलतो ती खुर्ची मात्र त्याच्याकडे आहे.

होंडा अजून स्वस्थ बसलेला नाही. २०२४मध्ये तो भूतानच्या पारो एफसी क्लबकडून एएफसी चॅलेंज लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळायला आला, आपल्या शेजारी! (जपानी खेळाडू आपल्या भागात येणं तसं नवीन नाही, मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसीकडून खेळलेला अराता इझुमी तर भारताकडून खेळायला जपानचं नागरिकत्व सोडून इथला झाला.) लहान मुलांसाठी चार विरुद्ध चारची स्पर्धा चालवतो, गुंतवणुकीचा फंड आहे, ट्वीट चालूच आहेत, आणि जपानला वर्ल्डकप जिंकून देणारा कोच व्हायचंय हे तो अजूनही म्हणतो.

माझं स्पष्ट म्हणणं आहे की त्याने ते लायसन्स घ्यावं. नियम त्याला चुकीचा वाटतो ते मला बऱ्यापैकी पटतं सुद्धा, पण २०२२मध्ये त्याला जे मिळालं ते कुठल्याच माजी जपानी खेळाडूला मिळालेलं नाही, दोन कोटी लोक आणि त्यांचा विश्वास, आणि तो नियमाशी भांडण्यात घालवत बसला तर बेंचवरची त्याची वर्षं निघून जातील. क्लासमध्ये बसावं, परीक्षा द्यावी, एखादा दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब घ्यावा. हरेल सुरुवातीला, हरू दे. का हरलो याचा दुसऱ्या दिवसापर्यंत विचार करायची सवय त्याला आधीपासूनच आहे, आणि तो विचार माइकवर ऐकायला मी तरी प्रत्येक मॅचनंतर बसेन.